पासवर्ड मॅनेजर

वेगवेगळ्या संकेतस्थळांचे आणि ॲपचे पासवर्ड एकाच कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, संचात ठेवणारे, नवे पासवर्ड तयार करून देणारे आणि लॉगिनच्या वेळी ते जागच्या जागी भरणारे सॉफ्टवेअर. या संचाला ‘व्हॉल्ट’ म्हणतात. मराठीत त्याला तिजोरी म्हणता येईल. तिजोरी एकाच मुख्य पासवर्डने उघडते आणि वापरणाऱ्याला तेवढाच लक्षात ठेवावा लागतो.

पासवर्ड साठवण्याचा प्रश्न संगणकावरच्या पासवर्डइतकाच जुना आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली एकच संगणक अनेकांनी वापरण्याची प्रणाली तयार झाली आणि प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड मिळाला. १९६२ मध्ये ॲलन शेर या विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरत नाही म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. ती साध्या अक्षरांत ठेवलेली होती. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीवरील अनुभवातून यावरचा उपाय मांडला : मूळ पासवर्ड साठवायचाच नाही, त्यावर एकेरी गणिती प्रक्रिया करून येणारा ‘हॅश’ ठेवायचा आणि प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळे ‘सॉल्ट’, म्हणजे वाटेल तशी निवडलेली अक्षरे, मिसळायचे. तीस वर्षांनंतरही हा धडा सर्वांनी घेतला नव्हता. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, तेही साध्या अक्षरांत. फुटलेल्या पासवर्डच्या अशा याद्या आजही हल्लेखोरांचे पहिले हत्यार आहेत.

आपला पासवर्ड समोरची कंपनी कसा ठेवते हे वापरणाऱ्याच्या हाती नसते. एका ठिकाणचा पासवर्ड दुसरीकडे न वापरणे मात्र त्याच्याच हाती असते. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्स या फाइल साठवणाऱ्या सेवेच्या एका कर्मचाऱ्याने दुसऱ्या संकेतस्थळावरचाच पासवर्ड कामाच्या खात्याला ठेवला होता. त्या वाटेने हल्लेखोर कंपनीत शिरले. नाव, ॲट आणि १२३ अशा घडणीचे पासवर्ड आपल्याकडे घरोघरी आहेत. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष हा पासवर्ड असतो, आणि तीच पद्धत लोक स्वतःच्या ईमेललाही लावतात. नाव आणि जन्मवर्ष ही गुपिते नव्हेत. पन्नास-शंभर खात्यांना पन्नास-शंभर वेगळे पासवर्ड पाठ ठेवणे माणसाला जमत नाही, म्हणून हे साधन लागते.

पहिल्या सर्वपरिचित पासवर्ड मॅनेजरपैकी एक ‘पासवर्ड सेफ’ होता. ब्रूस श्नायर या कूटशास्त्रज्ञाने तो १९९७ मध्ये विंडोजसाठी आणला. २००३ मध्ये डॉमिनिक राइखल यांचा ‘कीपास’, २००६ मध्ये ‘वनपासवर्ड’, २००८ मध्ये ‘लास्टपास’ आणि २०१६ मध्ये ‘बिटवॉर्डन’ आला. ॲपलने २०१३ मध्ये आयक्लाउड कीचेन दिली आणि २०२४ मध्ये ‘पासवर्ड्स’ हे स्वतंत्र ॲप. क्रोम आणि फायरफॉक्समध्येही ही सोय आहे.

चांगल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये मुख्य पासवर्ड कंपनीकडे जातच नाही. वापरणाऱ्याच्याच यंत्रावर त्या पासवर्डवर एक गणिती क्रिया लाखो वेळा करून किल्ली तयार होते. या किल्लीने, बहुधा एईएस-२५६ या कूटबद्ध करण्याच्या प्रचलित पद्धतीने, तिजोरी कूटबद्ध होते आणि सर्व्हरवर फक्त कूटबद्ध मजकूर पोहोचतो. क्रिया मुद्दाम संथ ठेवलेली असते. मालकाला उघडताना क्षणभर थांबावे लागते, पण कोट्यवधी अंदाज लावणाऱ्याला दर अंदाजामागे तेवढाच वेळ मोजावा लागतो. पीबीकेडीएफ२ ही किल्ली तयार करण्याची जुनी पद्धत. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची खुली स्पर्धा जिंकलेली आर्गॉन२ ही भरपूर मेमरी लागणारी पद्धत हल्लेखोराच्या महागड्या यंत्रांनाही जड जाते.

या साऱ्याची कसोटी २०२२ मध्ये लागली. ऑगस्टमध्ये लास्टपासच्या सॉफ्टवेअर तयार करण्याच्या यंत्रणेत घुसखोरी झाली. तिथे मिळालेल्या माहितीच्या आधारे हल्लेखोरांनी एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर त्याने टाइप केलेली अक्षरे टिपणारा प्रोग्राम बसवला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती पळवल्या. तिजोऱ्यांच्या प्रती गेल्याचे कंपनीने डिसेंबरमध्ये जाहीर केले. पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते, त्यामुळे कोणाचे खाते कुठे आहे हे चोरांना वाचता येत होते. त्याहून गंभीर म्हणजे काही जुन्या खात्यांची किल्ली पीबीकेडीएफ२च्या ५,००० किंवा त्याहूनही कमी आवर्तनांत तयार होत होती. आज याच पद्धतीसाठी ६,००,००० आवर्तनांची शिफारस आहे. चोरीला गेलेली तिजोरी परत घेता येत नाही आणि चोर वर्षानुवर्षे अंदाज लावत बसू शकतो. पुढे आभासी चलनाच्या अनेक चोऱ्यांचा माग संशोधकांनी याच तिजोऱ्यांपर्यंत नेला.

म्हणून निवड करताना सर्वांत आधी हे पाहावे : तिजोरी उद्या चोराच्या हाती लागली, तर ती किती काळ टिकेल? उत्तर कंपनीच्या जाहिरातीत नसते. किल्ली कोणत्या पद्धतीने आणि किती आवर्तनांत बनते, पत्ते आणि टिपणेही कूटबद्ध होतात का, त्रयस्थांकडून तपासणी होऊन तिचे अहवाल प्रसिद्ध होतात का, आणि मागे घुसखोरी झाली तेव्हा कंपनी किती लवकर व किती खरे बोलली, यांत ते असते. वनपासवर्ड मुख्य पासवर्डच्या जोडीला यंत्रावर राहणारी एक लांब गुप्त किल्लीही वापरतो, त्यामुळे सर्व्हरवरची चोरी एकटी पुरत नाही. बिटवॉर्डनचा कोड खुला आहे आणि मोफत आवृत्तीत पासवर्डच्या संख्येला मर्यादा नाही. बहुतेक घरांना ती पुरते. कीपासमध्ये तिजोरी ही आपल्याच संगणकावरची एक फाइल असते. कोणत्याही कंपनीवर विसंबावे लागत नाही, पण फोन आणि संगणकावर एकच प्रत ठेवणे व तिचा बॅकअप घेणे आपल्यावर येते. ब्राउझरमधली सोय काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरी, मात्र फोनचा पिन ज्याला ठाऊक आहे त्याला ती अनेकदा उघडता येते.

कपाटात ठेवलेली वही काही तज्ज्ञ सांगतात तितकी वाईट नाही. परदेशातला हल्लेखोर ती वाचू शकत नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला पासवर्ड किंवा ‘पासवर्ड’ नावाची एक्सेल फाइल तिच्यापेक्षा कितीतरी धोक्याची.

मुख्य पासवर्ड लांब हवा. चिन्हांची भर दुय्यम. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची आणि चिन्हे-आकड्यांच्या सक्तीची जुनी शिफारस सोडली. अर्नोल्ड राइनहोल्ड यांची १९९५ची डाइसवेअर पद्धत सोपी आहे : फासे पाच वेळा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द उचलायचा, असे सहा शब्द. शक्यता होतात सुमारे २२१ वर २१ शून्ये. शब्द फाशांनीच निवडायचे. अभंगाची ओळ किंवा गाण्याचे धृपद चालत नाही, कारण ते दुसऱ्यालाही पाठ असते. मराठी शब्द वापरायचे तर रोमन लिपीत त्यांचे स्पेलिंग एकदाच पक्के करावे. ‘वाघ’मध्ये व्ही की डब्ल्यू, ए एक की दोन, हे महिन्याभराने आठवत नाही.

स्वयंभरणाचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही. एसएमएसमधल्या दुव्यावरून बँकेचे हुबेहूब पान उघडले, तर डोळा फसतो. पासवर्ड मॅनेजर मात्र डोमेनचे अक्षर न् अक्षर जुळवतो आणि न जुळल्यास पासवर्ड सुचवत नाही. अशा वेळी तिजोरीतून हाताने नकलून टाकण्यापूर्वी पत्ता पुन्हा वाचावा. यूपीआय पिन चार किंवा सहा अंकीच असतो. तो पाठ ठेवावा, तिजोरीत घालू नये. ईमेल आणि तिजोरी या दोन्ही खात्यांना पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी, जसे फोनवरचा कोड, लावावी आणि तिचे पुनर्प्राप्ती कोड कागदावर लिहून ठेवावेत.

एका मॅनेजरमधून दुसऱ्यात जाताना पासवर्ड सहसा सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढतात. ही फाइल साध्या अक्षरांत असते. काम झाल्याबरोबर ती डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही पुसावी लागते.

मुख्य पासवर्ड विसरला तर ज्या सेवांमध्ये तो कंपनीकडे नसतो, तिथे बहुधा तिजोरी कायमची बंद होते. मालकाचा मृत्यू झाल्यास घरच्यांसमोर हीच अडचण येते. बिटवॉर्डनच्या सशुल्क आवृत्तीत एखाद्या विश्वासू माणसाला आणीबाणीचा प्रवेश देता येतो : त्याने विनंती केली आणि मालकाने आधी ठरवलेल्या दिवसांत ती नाकारली नाही, तर तिजोरी त्याला उघडते. वनपासवर्ड छापून ठेवण्याजोगे एक पान देतो. ते भरून मृत्युपत्रासोबत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येते.