कानोकोगी, रस्टी

(३० जुलै १९३५ – २१ नोव्हेंबर २००९). अमेरिकन ज्युदोपटू, प्रशिक्षक आणि स्पर्धा-संघटक. महिलांची पहिली जागतिक ज्युदो अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कला भरवली आणि ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ज्युदोला जागा मिळावी म्हणून पुढे कित्येक वर्षे झुंज दिली. ज्युदोच्या जगात त्यांना ‘महिला ज्युदोची जननी’ म्हणतात. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर मोठी पदके नाहीत. त्यांच्या उमेदीच्या वयात स्त्रियांनी लढावे अशी स्पर्धाच जवळपास नव्हती, आणि एकदा जिंकलेले पदकही परत घेतले गेले. पुढचे सारे काम त्या एका प्रसंगातून उभे राहिले, म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

मूळ नाव रेना ग्लिकमन. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, कोनी आयलंडच्या समुद्रकाठी एका ज्यू कुटुंबात त्या वाढल्या. घरची घडी विस्कटलेली होती. सातव्या वर्षापासून त्या मिळेल ते काम करू लागल्या. ‘रस्टी’ हे टोपणनाव गल्लीतल्या एका कुत्र्यावरून पडले आणि जन्मभर टिकले. किशोरवयात त्या मुलींच्या एका टोळीच्या म्होरक्या होत्या. रस्त्यावरची मारामारी नेहमीचीच. १९५० च्या दशकाच्या मध्यावर एका मित्राने त्यांना ज्युदोचा एक डाव करून दाखवला. आपल्याहून लहान चणीच्या माणसाने आपल्याला अलगद उचलून टाकावे, याचे त्यांना मोठे नवल वाटले. ज्युदोमुळे आपला तापट स्वभाव ताब्यात आला, असे त्या पुढे सांगत.

ज्युदो म्हणजे अंगरखा घालून खेळायची जपानी कुस्ती. जाड सुती अंगरख्याची कॉलर आणि बाही पकडून प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवायचा आणि त्याला पाठीवर आपटायचे. आपल्याकडच्या धोबीपछाडीशी अगदी मिळताजुळता डाव ज्युदोमध्ये ‘सेओई-नागे’ या नावाने आहे, आणि निखळ ‘इप्पोन’ (पूर्ण गुण) मिळाला की कुस्ती चीतपट व्हावी तशी लढत तिथेच संपते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढून ही विद्या घडवली. स्त्रियांना त्यांनी शिकवले, १९२६ मध्ये कोदोकानमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागही सुरू झाला. तरी स्त्रियांनी स्पर्धेत उतरणे शिष्टसंमत नव्हते. ठरलेल्या क्रमाने डाव करून दाखवणे, म्हणजे ‘काता’, हे त्यांचे क्षेत्र मानले जाई. जपानी स्त्रियांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध पांढरी रेघ असे. पट्टा तोच, पण वेगळा ओळखू यावा असा. कानो यांच्या शिष्या केइको फुकुदा यांना पाचव्या दानवरून सहाव्या दानवर (काळ्या पट्ट्याच्या श्रेणीला ‘दान’ म्हणतात) जायला जवळजवळ दोन दशके वाट पाहावी लागली. १९७२ मध्ये ही बढती मिळाली, तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. ज्यांच्या गुणवत्तेबद्दल कोणालाच शंका नव्हती त्या फुकुदांची ही कथा, तर ब्रुकलिनच्या एका टोळीतल्या मुलीला कोण विचारणार?

१९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका या गावी वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या संस्थेची राज्य ज्युदो स्पर्धा होती. ब्रुकलिनच्या संघातला एक पुरुष खेळाडू जायबंदी झाला आणि त्याच्या जागी रस्टी उतरल्या. केस आखूड होतेच. छाती घट्ट पट्टीने बांधली, वर ज्युदोचा सैल अंगरखा चढवला. स्त्रियांना मज्जाव आहे असे नियमात कुठे लिहिलेले नव्हते. तसे लिहिण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती. लक्ष वेधू नकोस, लढत बरोबरीत सोडव, अशी त्यांना ताकीद होती. मॅटवर पाय पडताच ती ताकीद मागे राहिली. त्यांनी प्रतिस्पर्ध्याला टाकले, लढत जिंकली आणि त्यांच्या संघाने विजेतेपद मिळवले. पदके गळ्यात पडल्यावर एका आयोजकाने त्यांना बाजूला घेऊन विचारले, तू मुलगी आहेस का? त्यांनी हो म्हटले. पदक परत दे, नाहीतर संघाचे विजेतेपद जाईल, असे सांगण्यात आले. त्यांनी पदक उतरवून दिले.

‘नाही’ म्हणून त्या सहज सुटू शकल्या असत्या. तसे केले असते तर ऑलिंपिकमध्ये महिलांचा ज्युदो कदाचित आलाच नसता, असे त्या पुढे म्हणत. हे केवळ अभिमानाचे बोलणे नाही. त्यानंतर अशा स्पर्धांच्या प्रवेशअर्जांवर ‘पुरुष’ असे स्पष्ट लिहिले जाऊ लागले. आतापर्यंत न बोलता पाळली जाणारी बंदी कागदावर आली आणि त्यामुळेच तिच्याशी भांडता येऊ लागले.

१९६२ मध्ये त्या टोकियोला कोदोकानमध्ये शिकायला गेल्या. स्त्रियांच्या वर्गात त्यांच्या तोडीचे कोणी उरले नाही, तेव्हा त्यांना पुरुषांच्या मुख्य दोजोत (सरावगृहात) सराव करायची परवानगी मिळाली. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. टोकियोतच त्यांची ज्युदोपटू र्‍योहेई कानोकोगी यांच्याशी ओळख झाली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोघांनी लग्न केले. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला, फक्त पुरुषांसाठी.

कोणताही खेळ ऑलिंपिकमध्ये न्यायचा तर आधी त्याची जागतिक स्पर्धा होते, हे दाखवावे लागते. पुरुषांची जागतिक ज्युदो स्पर्धा १९५६ पासून होत होती. युरोपातल्या स्त्रिया १९७५ पासून आपली खंडीय अजिंक्यपद स्पर्धा खेळत होत्या. जगाची स्पर्धा मात्र कोणी भरवत नव्हते. स्पर्धा नाही म्हणून दर्जा नाही, आणि दर्जा नाही म्हणून स्पर्धा नाही, असे ते त्रांगडे होते. ते सोडवायला रस्टींनी ब्रुकलिनमधले राहते घर गहाण टाकले. २९ आणि ३० नोव्हेंबर १९८० रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या फेल्ट फोरम सभागृहात महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ज्यांच्याकडे ना मोठी संस्था, ना सरकारी पाठबळ, अशा एका प्रशिक्षक बाईने न्यूयॉर्कच्या सर्वांत नामांकित क्रीडासंकुलात जगभरच्या खेळाडू आणल्या. त्यांच्या आयुष्यातले हेच सर्वांत मोठे काम, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पुढच्या सगळ्या वादांत त्यांच्या हातात दाखवायला काहीतरी होते, ते या दोन दिवसांमुळे.

आठ गटांच्या या स्पर्धेत ४८ किलो गटात ब्रिटनची जेन ब्रिज विजेती ठरली. ऑस्ट्रियाच्या खेळाडूंनी तीन सुवर्णपदके नेली. वजनाचे बंधन नसलेला खुला गट बेल्जियमच्या इनग्रिड बर्गमान्स हिने जिंकला; पुढे तिने एकूण सहा जागतिक विजेतेपदे मिळवली. ज्युदोच्या मायभूमीला महिलांचे पहिले जागतिक सुवर्ण १९८४ मध्ये व्हिएन्नात काओरी यामागुची हिने मिळवून दिले. त्याच स्पर्धेत अ‍ॅनमारिया बर्न्स ही पहिली अमेरिकन जगज्जेती झाली. १९८७ मध्ये जर्मनीतल्या एसेन येथे पुरुष व महिलांची जागतिक स्पर्धा प्रथमच एकत्र भरली.

ऑलिंपिकचा दरवाजा तरीही लवकर उघडला नाही. रस्टींनी पत्रे लिहिली, बैठका गाठल्या, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर भेदभावाचा दावा लावू असा इशाराही दिला. टेनिसपटू बिली जीन किंग त्यांच्या पाठीशी होत्या. अखेर १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये महिलांचा ज्युदो प्रदर्शनीय क्रीडाप्रकार म्हणून आला. अमेरिकेच्या महिला संघाच्या प्रशिक्षक रस्टीच होत्या. लिन रॉथ्के हिने रौप्य आणि मार्गारेट कास्त्रो हिने कांस्य मिळवले. प्रदर्शनीय प्रकारातली पदके अधिकृत पदकतालिकेत धरली जात नसत. बर्गमान्सने सोलमध्ये सुवर्ण जिंकले, पण अधिकृत ऑलिंपिक पदक तिच्या नावावर कधीच लागले नाही. एका पिढीची उमेद अशी वाट पाहण्यात गेली, याची हळहळ वाटते. १९९२ मध्ये बार्सिलोनात महिलांचे सात वजनी गट पूर्ण अधिकृत झाले.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी ब्रुकलिनमध्ये पतीबरोबर दीर्घकाळ शिकवले. ज्युदोमध्ये त्यांना सातवे दान मिळाले होते. २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकमध्ये अ‍ॅनमारियाची मुलगी राँडा राउझी हिने कांस्य जिंकले. ज्युदोत ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. त्याच वर्षी जपान सरकारने रस्टींना ‘ऑर्डर ऑफ द रायझिंग सन’ हा सन्मान दिला. अमेरिकेला ज्युदोचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण २०१२ मध्ये लंडनला केला हॅरिसन या स्त्रीनेच मिळवून दिले. ते पाहायला रस्टी नव्हत्या.

ऑगस्ट २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या वायएमसीएने त्यांना समारंभपूर्वक सुवर्णपदक दिले. युटिकाला पन्नास वर्षे झाली होती. तेव्हा त्या मल्टिपल मायलोमा या कर्करोगाने आजारी होत्या. तीन महिन्यांनी ब्रुकलिनमध्येच, वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.