कूर्चेचं ऑपरेशन झालंय? मग ते कोणतं, हे आधी सांगा

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारे बरेच जण सांगतात, "गुडघ्याची दुर्बीण झाली." दुर्बिणीतून नेमकं काय केलं, हे मात्र कुणी विचारून घेतलेलं नसतं. आम्हाला तर सगळ्यात आधी तेच लागतं. पायावर भार कधी टाकायचा, गुडघा किती वाकवायचा, हे त्यावरच ठरतं. म्हणून पहिल्या दिवशी येताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची नोंदही आणा. कूर्चा कुठली आणि किती गेली होती, ते तिच्यात लिहिलेलं असतं.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा पांढरा गुळगुळीत थर, गुडघ्यात साधारण 2 ते 4 मिलिमीटर जाडीचा. (मेनिस्कस ही दोन हाडांमधली गादी वेगळी, तिला टाके घातले असतील तर नियमही वेगळे.) या थरात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे खोल जखम झाली की ती आपसूक भरून येत नाही. लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 सालीच हे लिहून ठेवलं होतं.

आमच्याकडे सर्वाधिक येतात ते मायक्रोफ्रॅक्चर नावाचं ऑपरेशन झालेले. अमेरिकी सर्जन रिचर्ड स्टेडमन यांनी 1980च्या दशकात हे तंत्र रूढ केलं. खराब कूर्चा खरवडून काढतात आणि उघड्या हाडाला तीन-चार मिलिमीटरवर एक अशी बारीक छिद्रं पाडतात. आतल्या मज्जेतून रक्त वर येतं, गोठतं आणि त्या गुठळीतून नवा थर धरतो. तो मूळ कूर्चेइतका टिकाऊ नसतो, काही वर्षांत झिजूही शकतो. म्हणून जखम लहान, साधारण 2 चौरस सेंटिमीटरच्या आत असेल तरच हे करावं, असं आम्हालाही वाटतं.

ही गुठळी जपणं हेच पहिल्या सहा आठवड्यांचं काम. जखम मांडीच्या हाडाच्या टोकावर असेल, तर कुबड्या किंवा वॉकर घ्यायचा आणि पाय नुसता टेकवायचा. सर्जनने थोडा भार सांगितला असेल, तर घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवा, कुबड्यांवर उभं राहून ऑपरेशनचा पाय त्यावर हळूहळू दाबा आणि सांगितलेल्या किलोवर काटा आला की थांबा. दोन-चार दिवसांत पायाला अंदाज येतो. जखम वाटीच्या मागे असेल तर गणित उलटं होतं: पट्टा लावून पाय सरळ ठेवला की बहुधा चालता येतं, पण वाकवण्यावर मर्यादा असते. शेजारच्या काकांना जे सांगितलं ते तुम्ही करू नका, ते यासाठीच.

दुसरं ऑपरेशन मोझाइकप्लास्टी, ते हंगेरीचे सर्जन लास्लो हांगोदी यांनी 1990च्या दशकात पुढे आणलं. तुमच्याच गुडघ्याच्या कमी भार घेणाऱ्या भागातून हाडासकट कूर्चेचे छोटे दंडगोल काढून जखमेत बसवतात. खरी कूर्चा मिळते, पण जिथून काढली ती जागाही काही महिने दुखू शकते. जखम फारच मोठी असेल, तर मृत दात्याकडून मिळालेला तुकडा बसवतात.

पेशी वाढवून बसवण्याचं तंत्र स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये 1987 साली पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं. यात दोन ऑपरेशनं असतात. आधी दुर्बिणीतून कूर्चेचा कण काढतात, त्यातल्या पेशी काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवतात आणि मग त्या जखमेत सोडतात. खर्च मोठा आहे. विमा कंपनीची लेखी मंजुरी आधी घ्या. धावण्या-उड्या मारण्याच्या खेळाला वर्षभर तरी लागतं, आणि ही घाई आम्ही कुणालाच करू देत नाही.

साठीनंतर सगळा गुडघाच झिजला असेल, तर यातलं एकही ऑपरेशन त्यासाठी नाही. जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या. पाय धनुष्यासारखा वाकलेला असेल किंवा लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा बंध) तुटलेलं असेल, तर तेही दुरुस्त व्हायला हवं. नाहीतर नवा थर त्याच बाजूला घासला जातो.

मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि भारतीय संडास सर्जन सांगेपर्यंत बंद. घरी कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, टाक्यांतून पाणी आलं, तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनना फोन करा. अचानक धाप लागली तर थेट इस्पितळ गाठा.