ब्लो होल कुठल्या खात्याचं?

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केलेल्यांना हा प्रसंग नवा नाही. ओतीव नग बाहेरून ठणठणीत दिसतो, पहिला कट घेतला की आत ब्लो होल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, निघतं. नग रिजेक्ट! मग मशीन शॉप म्हणतं फौंड्रीचा दोष. फौंड्रीत मेल्टिंगवाले सँड प्लांटकडे बोट दाखवतात आणि सँड प्लांटवाले कोअर शॉपकडे, जिथे नगातली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनतात.

गंमत अशी, की यात कुणीच खोटं बोलत नसतं. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट ही चिकटवणारी माती आणि साधारण ३ ते ४ टक्के पाणी असतं. त्यावर सुमारे १,४०० अंश सेल्सिअसचा वितळलेल्या धातूचा रस पडला की पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. कोअरमधलं बाइंडर (वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जळूनही वायू निघतो. रस जरा थंड असेल, तर हे वायू बाहेर पडायच्या आत धातू गोठतो. बेळगावात जुलैचा पाऊस लागलेला, वाळू किंचित ओली, कोअर किंचित कमी भाजलेला, रस किंचित थंड. तिन्ही खात्यांची रजिस्टरं उघडा, प्रत्येक आकडा मर्यादेत सापडेल. पण तिन्ही ‘किंचित’ एकाच नगात आले, आणि ती बेरीज मांडायला कुठलंच रजिस्टर नाही.

आपल्या खात्यापलीकडचं दिसत नाही, हे १९५८ साली डिअरबॉर्न आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी दाखवलं होतं. त्यांनी २३ अधिकाऱ्यांना एका पोलाद कंपनीची माहिती वाचायला दिली आणि विचारलं, हिची सर्वांत मोठी अडचण कोणती? विक्री खात्यातल्या ६ पैकी ५ जणांनी विक्रीचं नाव घेतलं, उरलेल्या १७ पैकी फक्त ५ जणांनी. वाचायला कागद सगळ्यांना तेच होते. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण कारखान्यातल्या मीटिंगमध्ये बसलेल्याला तो ओळखीचा वाटेल.

वेळ मात्र खरा जातो तो रांगेत. समजा, रिजेक्ट नगाची तक्रार तपासायला प्रत्येक खात्याला अर्धा तास लागतो आणि तिथला माणूस ९० टक्के वेळ कामात गुंतलेला आहे. कामं अनियमितपणे येत असतील आणि कमीजास्त वेळ घेत असतील, तर रांगांच्या साध्या गणितानुसार सरासरी वाट पाहावी लागते कामाच्या नऊ पट, म्हणजे साडेचार तास. चार खाती ओलांडायची तर तपासणी दोन तासांची आणि वाट पाहणं अठरा तासांचं. आठ तासांच्या पाळीत दोन दिवसांहून जास्त! त्यात ‘आमच्याकडे सगळं बरोबर आहे’ असा शेरा मारून कागद परत आला, की पुन्हा रांग. तोवर ती वाळू साचे फोडून सँड प्लांटमध्ये परत गेलेली असते, दळून पुन्हा वापरलेली असते. पुरावाच उरत नाही.

म्हणून खाती मोडावीत का? मुळीच नको. कोअर भाजणं आणि रसाची रासायनिक घडण सांभाळणं ही वेगवेगळी कसबं आहेत, एकट्याने दोन्ही करायला गेलं तर दोन्ही बिघडतील. पण रिजेक्ट नग त्याच दिवशी लेथपाशी ठेवून, चारही खात्यांचा एकेक माणूस तिथे बोलावून, हीट नंबरवरून (एका वेळी वितळवलेल्या रसाचा क्रमांक) त्या तासाची वाळूची, कोअरची आणि तापमानाची नोंद शेजारी शेजारी ठेवता येते. त्यासाठी माणसाकडे थोडा मोकळा वेळ हवा, आणि नेमका तोच मालकांना खुपतो. गणित इथे त्यांच्या विरोधात जातं: माणूस ९० ऐवजी ८० टक्के गुंतलेला ठेवला, तर प्रत्येक खात्यातली सरासरी वाट साडेचार तासांवरून दोन तासांवर येते.