साप गेला, भुई धोपटणं चालू राहिलं

९ फेब्रुवारी १९५०. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग शहरी रिपब्लिकन पक्षाच्या महिला मंडळापुढे विस्कॉन्सिनचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी भाषणाला उभे राहिले. परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसलेत आणि त्यांची यादी आपल्या हातात आहे, असं त्यांनी सांगितलं. पेपरात आकडा छापून आला २०५. दोन-तीन दिवसांत तो ५७ झाला, त्याच महिन्यात सिनेटमध्ये ८१. भाजीवालासुद्धा भाव इतक्या झटपट बदलत नाही. तरी देशाने ऐकून घेतलं.

ऐकून घेण्यासारखे दिवस होते खरे. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत युनियनने अणुबॉम्बची चाचणी केली, ऑक्टोबरात चीन माओंच्या हाती गेला, आणि व्हीलिंगच्या भाषणाआधी आठवडाभर क्लाऊस फुक्स हा अणुशास्त्रज्ञ लंडनमध्ये हेरगिरीसाठी पकडला गेला.

या भीतीचं मूळ मात्र १९१७ च्या रशियन क्रांतीइतकं जुनं. आपल्याकडेही इंग्रज सरकारने १९२९ साली डांगे, मिरजकर, घाटे या कम्युनिस्ट पुढाऱ्यांना मुंबईत पकडून मेरठच्या कटात गोवलं, ते याच धास्तीने. महायुद्धात रशिया दोस्त झाला तेव्हा ती जरा निवली. पुन्हा पेटली ती कॅनडात.

५ सप्टेंबर १९४५ च्या संध्याकाळी ओटावाच्या सोव्हिएत वकिलातीतला सांकेतिक लिपीचा कारकून इगोर गुझेंको १०९ कागद अंगावर लपवून बाहेर पडला. थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला, तर तिथे कुणी त्याला गंभीरपणे घेईना. दुसऱ्या दिवशी गरोदर बायको आणि लहान मुलाला घेऊन सरकारी दारं ठोठावली, तिथेही वाटाण्याच्या अक्षता. रात्री कुटुंब शेजाऱ्यांकडे लपलं आणि वकिलातीच्या माणसांनी त्याच्या घराचं दार फोडलं, तेव्हा कुठे कॅनडाला जाग आली. कागद अस्सल होते. त्यांच्यामुळे अणुशास्त्रज्ञ ॲलन नन मे तुरुंगात गेला, पाठोपाठ कॅनडाच्या संसदेतला खासदार फ्रेड रोझही. पुढे गुझेंको टीव्हीवर यायचा तो डोक्यावरून बुरखा ओढून.

त्याच नोव्हेंबरात एलिझाबेथ बेंटली ही सोव्हिएत हेरांची निरोप्या अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपासखात्यापुढे सगळं बोलली. लंडनमार्गे ही खबर मॉस्कोला पोचली आणि मॉस्कोने अमेरिकेतल्या आपल्या हस्तकांना गप्प बसवलं. म्हणजे साप होता, पण १९४५ च्या अखेरीस बराचसा बिळात गेला होता. भुई धोपटायला सुरुवात झाली ती त्यानंतर.

मार्च १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी केंद्र सरकारच्या नोकरांची निष्ठा तपासण्याचा हुकूम काढला. तक्रार कुणी केली हे आरोप झालेल्या कारकुनाला बहुतेक वेळा कळतच नसे. त्याच वर्षी संसदीय समितीने हॉलिवूडच्या मंडळींना बोलावून विचारलं: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होता का? उत्तर नाकारणारे दहा जण तुरुंगात गेले. त्यांतला पटकथालेखक डाल्टन ट्रंबो नंतर टोपणनावाने लिहीत राहिला आणि १९५७ साली ऑस्कर ‘रॉबर्ट रिच’ या नावाला मिळालं. त्या नावाचा पटकथालेखक शोधूनही सापडेना! ‘रेड’ म्हणजे कम्युनिस्ट, म्हणून सिनसिनाटीच्या ‘रेड्स’ या बेसबॉल संघाने तर काही वर्षं स्वतःला ‘रेडलेग्ज’ म्हणवून घेतलं.

मॅकार्थींवर सिनेटनेच डिसेंबर १९५४ मध्ये ६७ विरुद्ध २२ मतांनी ठपका ठेवला.

राहता राहिला प्रश्न, बेंटलीची खबर लंडनहून मॉस्कोला कळवली कुणी? ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या किम फिल्बीने. व्हीलिंगच्या भाषणाच्या वेळी तो वॉशिंग्टनमध्येच होता, सीआयए या अमेरिकी गुप्तहेर खात्याशी संपर्क ठेवणारा ब्रिटिश अधिकारी म्हणून. सीआयएतले अधिकारी जेम्स अँगलटन यांच्याबरोबर त्याचं नेहमीचं जेवण असे. २०५, ५७, ८१ यांपैकी कुठल्याच आकड्यात तो नव्हता.