पक्षीछायाचित्रण

पक्षीछायाचित्रण : निसर्गात मोकळेपणी वावरणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद. वन्यजीव छायाचित्रणात सर्वाधिक हौशी माणसे याच शाखेत आढळतात. सस्तन प्राणी बहुतेक लाजरे आणि रात्री हिंडणारे असतात. पक्षी दिवसा, सगळीकडे आणि बाराही महिने दिसतात. पिंजऱ्यातला किंवा पाळलेला पक्षी या छंदात धरत नाहीत, आणि त्याचे चित्र मोकळ्या पक्ष्याचे म्हणून स्पर्धेला पाठवणे ही फसवणूक मानली जाते. देखणे चित्र मिळवणे आणि पक्ष्याची खात्रीची नोंद करणे असे या छंदाचे दोन हेतू आहेत. बहुतेकांची सुरुवात पहिल्याने होते. पक्षी ओळखता येऊ लागले की दुसऱ्याची गोडी लागते आणि त्याबरोबर पहिलाही सुधारतो, कारण पक्षी पुढच्या क्षणी काय करणार हे ज्याला ठाऊक असते त्याचेच बोट वेळेवर पडते.

इतिहास : इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले, ते या प्रकारातले पहिले समजले जाते. त्या काळी काचेच्या प्लेटा वापरणारे अवजड कॅमेरे होते आणि दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्स सहज मिळत नव्हत्या. त्यामुळे लपून पक्ष्याच्या जवळ जाण्याला पर्याय नव्हता. या भावांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्याच्या पोटात बसण्यापर्यंत मजल मारली. एरिक हॉस्किंग या ब्रिटिश छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ मध्ये घरट्याजवळ घुबडाने केलेल्या हल्ल्यात गेला. पुढेही ते हयातभर पक्ष्यांचीच छायाचित्रे घेत राहिले. फोकस आपोआप साधणारे एसएलआर (आरशाच्या साहाय्याने लेन्समधलेच दृश्य दाखवणारे) कॅमेरे १९८५ पासून रुळले. डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा खर्च संपवला आणि २०२० च्या सुमारास पक्ष्याचा डोळा हेरून त्यावर फोकस धरून ठेवणारे मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे आले. पानांच्या जाळीत बसलेला पक्षी मात्र अजूनही माणसालाच शोधावा लागतो.

साधने आणि तंत्र : लहान पक्ष्यांसाठी ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स सोयीची पडते (आकडा मोठा तितका पक्षी जवळ दिसतो). सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) लहान असेल तर दृश्य आणखी आवळते; दृश्य १.५ पट आवळणाऱ्या सेन्सरवर ४०० मिमी लेन्स ६०० मिमीइतके दृश्य दाखवते. नवशिक्यांची बरीचशी चर्चा या आकड्यांभोवतीच फिरते, आणि ती थोडी फुकट जाते. तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असेल तर कितीही भारी लेन्सने दूरचा पक्षी पुसटच येतो. पहाटेनंतरचे पहिले दोन तास आणि दहा पावले कमी अंतर यांचा उपयोग त्याहून अधिक होतो.

फांदीवर स्वस्थ बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचे शटर पुरते. उडत्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर लागते. प्रकाश कमी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवावा, कारण चित्रातला दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेले चित्र सावरता येत नाही. प्रकाश मोजताना कॅमेरा हमखास फसतो तो दोन ठिकाणी. उजळ आकाशापुढे उडणारा पक्षी काळाठिक्कर येतो, म्हणून एक्स्पोजर (चित्रासाठी घेतलेला प्रकाश) एक ते दोन स्टॉप वाढवतात; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. गडद पाण्यावरचा पांढरा बगळा अति उजळून जातो, पिसांची रेषसुद्धा उरत नाही. तिथे एक्स्पोजर कमी करतात.

पक्षी साधारणपणे वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतातही. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन उभे राहिले तर उजेडातला, समोरून येणारा पक्षी मिळण्याची शक्यता वाढते. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणला, म्हणजे प्रसंगी चिखलात पालथे पडले, की मागचे दृश्य दूर जाऊन मऊ होते. सरळ चालून जाण्यापेक्षा तिरके, थांबत थांबत जावे. पक्ष्याने चरणे थांबवले, मान ताठ केली किंवा इशाऱ्याचा आवाज काढला, तर तेवढ्यावरच थांबायचे. पुढचे पाऊल त्याला उडवते. थांबलेली मोटारगाडी हा उत्तम आडोसा असतो. पक्षी तिला फारसे भीत नाहीत. दार उघडून माणूस उतरला की भितात.

ओळख : पक्षी ओळखताना रंगावर सर्वांत शेवटी विसंबावे. नवखा माणूस नेमके उलटे करतो. शिंजिराचा निळा-जांभळा झगमगाट रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश परावर्तित होऊन दिसणारा असतो. सावलीत तोच पक्षी निव्वळ काळा दिसतो. कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवणे) चुकले की तपकिरी पाठ हिरवट होते. आकार, चोचीची लांबी आणि जाडी, शेपटीची घडण, बसण्याची ढब, अधिवास आणि आवाज यांनी आधी शक्यता कमी करायच्या आणि मग रंगाकडे वळायचे. घार आकाशात कितीही उंच असो, शेपटीच्या टोकाची खाच दिसली की बहुतेक काम होते.

छायाचित्राची खरी मदत कुठे होते ते पांढऱ्या बगळ्यांत कळते. चोच पिवळी की काळी यावर भागत नाही, कारण मोठ्या बगळ्याची पिवळी चोच अनेक प्रदेशांत विणीच्या हंगामात काळी होते. त्याच्या तोंडाची फट डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. दुर्बिणीतून क्षणभर दिसणारी ही रेषा फोटोत निवांत तपासता येते. लहान बगळ्याचे पाय काळे आणि बोटे पिवळी असतात, पण पाण्यात उभा असताना बोटे दिसणार कशी? तो उडेपर्यंत वाट पाहायची. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी या चिखलात चरताना घोटाळ्यात टाकतात. पंख उचलल्यावर पहिलीची खालची बाजू काळपट आणि दुसरीची फिकट निघते. लहान खंड्याच्या मादीची खालची चोच लालसर, नराची पूर्ण काळी. कवड्या खंड्याच्या नराच्या छातीवर दोन काळे पट्टे आणि मादीच्या छातीवर मध्ये तुटलेला एकच.

म्हणून ओळखीसाठी एकच चांगला फोटो पुरत नाही. बाजूने, समोरून, पाठमोरा, पंख पसरलेला, शेपटीखालचा भाग दिसणारा असे जमतील तितके घ्यावेत. उडून जाताना घेतलेला धूसर फोटो भिंतीवर लावण्याजोगा नसतो, पण कंबरेवरचा पांढरा डाग त्यातच दिसतो. घाईने असे फोटो पुसून टाकणे ही या छंदातली सर्वांत सार्वत्रिक उधळपट्टी होय. वय आणि ऋतू यांचेही भान हवे. मोठे कुरव प्रौढ पिसारा धारण करायला चारेक वर्षे घेतात आणि तोवर दरवर्षी वेगळे दिसतात. अनेक बदकांचे नर विणीनंतर काही काळ मादीसारखेच मळकट असतात. लहान, हिरवट पर्णवटवट्यांपुढे तर फोटो हात टेकतो. तिथे मोबाइलवर आवाज टिपून ठेवावा.

कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे २०१४ मध्ये आलेले मर्लिन हे अ‍ॅप ठिकाण आणि तारीख लक्षात घेऊन नावे सुचवते. सुरुवातीला त्याचा फार उपयोग होतो. मात्र त्याने दुर्मीळ पक्ष्याचे नाव सांगितले तर आधी नेहमीच्या पक्ष्याची बारकाईने फेरतपासणी करावी, कारण दुर्मीळ वाटणारा पक्षी पुष्कळदा विचित्र उजेडातला नेहमीचाच पक्षी निघतो.

साधनांची निगा : दमट हवेत लेन्सचा मोठा शत्रू म्हणजे फंगस, अर्थात बुरशी. तिचे बीजाणू सगळीकडे असतातच. अंधार, कोंडलेली हवा आणि साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळणारी आर्द्रता मिळाली की ते रुजतात. लेन्समधून टॉर्चचा झोत टाकल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बुरशी आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप कोरला जातो. मग जाणकार दुरुस्तीकाराने साफ केली तरी खूण राहते. अशी लेन्स इतरांपासून वेगळी ठेवावी. कॅमेऱ्याची बॅग प्रवासासाठी असते. तिच्या फोममध्ये ओल मुरते, म्हणून महिनोन्‌महिने सामान तिच्यात ठेवू नये. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट उत्तम. ते नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक यांवर भागते. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. फार कोरडेपणाही बरा नाही, त्याने रबर सुकते.

काच पुसण्याआधी ब्लोअरने (हवा मारणाऱ्या रबरी फुग्याने) धूळ उडवावी, मग मऊ ब्रश आणि शेवटी मायक्रोफायबर कापड. शर्टाच्या टोकाने पुसणे म्हणजे वाळूचे कण काचेवर घासणे. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे तुषार उडतात. खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर बॉडी किंचित ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडी करावी. थंड खोलीतून उष्ण, दमट हवेत जाताना सामान बंद पिशवीतच ठेवून तापमान जुळू द्यावे, नाहीतर काचेवर आणि आतही दव धरते. जड लेन्स जोडलेली असताना वजन लेन्सच्या कॉलरवर (लेन्सभोवतीच्या आधाराच्या कड्यावर) पेलावे, कॅमेऱ्याच्या बॉडीवर नव्हे. लिथियम बॅटरी बराच काळ वापरायची नसेल तर अर्धवट चार्ज करून ठेवतात. कडाक्याच्या थंडीत ती लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात बाळगतात.

संयम आणि नोंद : घरट्यावर वारंवार गेल्याने आईबाप घरटे सोडतात, शिवाय शिकारी प्राण्यांना घरट्याची वाट सापडते. रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून नराला बोलावणे सोपे असते, पण तो हद्द राखण्याच्या भ्रमात शक्ती खर्च करतो. विणीच्या दिवसांत हे टाळतातच. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असावे, कारण नोंदीची तारीख त्याच्याच भरवशावर ठरते. ओळख पटलेले फोटो २००२ पासून चालणाऱ्या ई-बर्डसारख्या नोंदसंग्रहात ठिकाणासह देता येतात आणि तिथे संशोधकांच्या उपयोगी पडतात. घरट्याची किंवा घुबडाच्या दिवसाच्या विसाव्याची जागा मात्र जाहीर करत नाहीत. फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसने आपोआप नोंदलेले स्थानही तो सगळ्यांना दाखवण्याआधी काढून टाकावे लागते.