लव्हिंग काउंटी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस राज्याच्या पश्चिम भागातील एक काउंटी. क्षेत्रफळ सु. १,७५३ चौ. किमी.; लोकसंख्या ६४ (२०२०). त्या गणनेनुसार देशातील सर्वांत कमी लोकवस्तीची काउंटी. प्रशासकीय केंद्र मेन्टोन. उत्तरेस न्यू मेक्सिको राज्य, पूर्वेस विंक्लर, दक्षिणेस वॉर्ड आणि पश्चिमेस पेकस नदीपलीकडे रीव्ह्‌ज काउंटी आहे. गुरांचे तांडे पेकसकाठाने उत्तरेला नेणारा ऑलिव्हर लव्हिंग (१८१२–६७) याचे नाव तिला दिले आहे.

प्रदेश बहुतांशी सपाट, क्वचित उंचसखल. माती चुनखडीयुक्त व रेताड. पाऊस वर्षाला सु. २५ सेंमी.च्या आतबाहेर पडतो. मेस्कीट व क्रिओसोट या खुरट्या झुडपांचे रान सर्वत्र आढळते. पेकस ही एकमेव मोठी नदी. पण तिचे पाणी खारट असल्याने नदीकाठच्या वस्तीलाही तिचा पिण्यासाठी उपयोग नाही. वायव्य कोपऱ्यातील रेड ब्लफ जलाशयाचे (१९३६) पाणी मुख्यतः खालच्या अंगाच्या शेतीला जाते. पाण्याचा शोध येथे जुनाच आहे. लोहमार्गाची पाहणी करणारा लष्करी अधिकारी जॉन पोप याने १८५५ पासून या भागात खोल विहिरी खोदून पाहिल्या. पाणी उसळून वर येईल ही त्याची अपेक्षा फळली नाही. मेन्टोनमध्ये अनेक वर्षे पिण्याचे पाणी बाहेरून टँकरने आणावे लागे.

टॉम ग्रीन काउंटीतून १८८७ मध्ये हा प्रदेश वेगळा काढण्यात आला. तथापि कारभार रीव्ह्‌जकडेच राहिला. स्वतंत्र कारभाराची पहिली स्थापना १८९३ मध्ये झाली व ती वादग्रस्त आहे. पेकसमधून कालवा काढण्यासाठी डेन्व्हरच्या काही मंडळींनी कंपनी काढली आणि काउंटी संघटित करण्याचा अर्ज केला. त्यावर सु. दीडशे मतदारांच्या सह्या होत्या, असे सांगतात. याउलट १८९० च्या जनगणनेत येथे ३ माणसे नोंदली आहेत आणि १९०० मध्ये ३३. कालव्याच्या कामासाठी मजूर आले असतील, असे गृहीत धरले तरी दीडशे पात्र मतदारांचा मेळ बसत नाही. संस्थापकांचा हेतू मुळातच खोटा होता की कालव्याची योजना फसल्यावर सारे कोलमडले, हे निर्विवाद सांगता येत नाही. परंतु दोन्ही बाजूंच्या जनगणनांचे आकडे पाहता सह्यांपैकी बऱ्याच बनावट असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. राज्य विधिमंडळाने १८९७ मध्ये ही काउंटी विसर्जित करून पुन्हा रीव्ह्‌जला जोडली. १९३१ मध्ये ती दुसऱ्यांदा संघटित झाली. दोनदा संघटित झालेली टेक्ससमधील ही एकमेव काउंटी होय. मूळचे मेन्टोन ओस पडले होते. आजचे गाव त्याच्या दक्षिणेस, नव्याने वसलेले आहे.

लोकसंख्येचे चढउतार जमीन व तेल यांवर अवलंबून राहिले. सरकारी जमिनीवर वसाहतकरी आल्याने १९१० मध्ये ती २४९ झाली. अवर्षणाने १९२० पर्यंत ८२ वर घसरली. १९२० च्या दशकात तेल सापडले आणि १९४० मध्ये २८५ हा जनगणनांतील उच्चांक नोंदला गेला. पुढे १९७० मध्ये १६४, २००० मध्ये ६७, २०१० मध्ये ८२ अशी नोंद आहे. २०२० च्या आकड्यानुसार सु. २७ चौ. किमी.मागे एक रहिवासी येतो. शाळेत दोनच मुले उरल्यावर १९७२ मध्ये ती बंद झाली व मुले शेजारच्या काउंटीतील विंक या गावी जाऊ लागली.

जनगणनेचा आकडा येथे जपून वापरावा लागतो. हा भाग पर्मियन या तेलसमृद्ध खोऱ्यातील डेलावेअर उपखोऱ्यात मोडतो. तेलविहिरींवरील कामगार फिरत्या घरांत व तात्पुरत्या छावण्यांत राहतात. कायमचे घर अन्यत्र असल्याने त्यांची गणना तिकडे होते. त्यामुळे दिवसा रस्त्यांवर टँकर-ट्रकांची रीघ असूनही रहिवासी मात्र नगण्य दिसतात. उलट, बाहेर राहणाऱ्यांची नावे मतदार यादीत असल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. इतक्या कमी मतदारांत मूठभर मतेही निकाल फिरवू शकतात.

मेन्टोनमध्ये १९३५ चे दुमजली न्यायालय आहे. एडना रीड क्लेटन ड्यूईज या येथील शेरीफ (काउंटीच्या पोलीसप्रमुख) होत्या (१९४५). टेक्ससमधील पहिल्या निर्वाचित महिला शेरीफ म्हणून त्यांचा उल्लेख होतो.