यादीत नाव लागण्याआधी

खानापूरच्या पलीकडून, कणकुंबी-जांबोटीकडून, बेळगावला डायलिसिसला येणाऱ्याचे आठवड्यातले तीन दिवस त्यातच जातात. मशीनवर चार तास, वर जाण्यायेण्याची दगदग, पावसाळ्यात आणखी उशीर. रोजगार बुडतो, सोबतीला आलेल्याचाही. यातून सुटायचं तर नवी किडनी बसवावी लागते.

मेंदूमृत दात्याची किडनी कुणाला द्यायची हे कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ ही सरकारी यंत्रणा प्रतीक्षायादीवरून ठरवते. रक्तगट जुळतो का, रुग्ण किती काळ थांबला आहे, हे तिथे पाहिलं जातं. 2023 मध्ये केंद्राने रहिवासाची अट काढायला राज्यांना सांगितलं, त्यामुळे निपाणीच्या रुग्णाला पुण्यातही नाव नोंदवायची वाट मोकळी झाली.

पण मला यादीपेक्षा तिच्याआधीची अडचण मोठी वाटते. नाव लावायलाच तपासण्यांच्या फेऱ्या कराव्या लागतात. फॉर्म कन्नडमध्ये असला, तर मराठी शाळेत शिकलेल्या बाईला आधी वाचून सांगणारा शोधावा लागतो. किडनी बसल्यावर टॅक्रोलिमससारखी औषधं जन्मभर घ्यायची. ती थांबली तर शरीर नवी किडनी परकी म्हणून नाकारतं. हा खर्च झेपेल का, या विचारानेच अनेक घरं मागे फिरतात.

त्यात रुग्ण बाई असेल तर? 1995 ते 2021 या काळात देशात नोंदल्या गेलेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29 हजारांहून अधिक पुरुषांवर झाली, स्त्रियांवर फक्त 6,945. आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांच्या असतात, आणि देणाऱ्यांत आई, बायको, बहीण याच जास्त.

एखादा नवरा बायकोला किडनी द्यायला मनापासून तयार झाला, तरी शरीर आडवं येऊ शकतं. पेशींवर एचएलए नावाच्या ओळखखुणा असतात. पोटातल्या बाळात निम्म्या खुणा बापाच्या. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात मिसळतात तेव्हा तिचं शरीर त्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार करू शकतं, आणि ती वर्षानुवर्षं टिकू शकतात. पुढे त्याच नवऱ्याची किडनी बसवली, तर ही प्रतिपिंडं त्या किडनीवर तुटून पडतील. म्हणून दात्याच्या पेशींविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत का हे पाहणारी क्रॉसमॅच तपासणी आधी करतात. जिने बाळंतपणं सोसली, तिलाच जुळणारी किडनी मिळणं त्यामुळे अवघड होऊन बसतं.

यावर एक तोड आहे. 2011 च्या कायदादुरुस्तीने न जुळणाऱ्या दोन जोड्यांना आपसांत दात्यांची अदलाबदल करता येते. बेळगावच्या नवऱ्याची किडनी हुबळीच्या रुग्णाला, तिथल्या दात्याची इथल्या बायकोला. पण अशी जोडी सापडायला दोन्ही घरांची नोंद हवी, आणि तिच्या घरून ती करायला कुणीतरी उठायला हवं.